घर घेताना स्टेशन किती लांब? : वाचकांचे प्रश्न

घर आणि सार्वजनिक वाहतूक या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : दोन घरे पाहिली आहेत, किंमत जवळपास सारखीच. पहिले रेल्वे स्टेशनपासून साडेचारशे मीटरवर, पण तिथे गाडी दर वीस मिनिटांनी. दुसरे स्टेशनपासून बरेच आत, मात्र दारातूनच दर सहा मिनिटांनी बस आहे आणि ती मोठ्या जंक्शनला सोडते. कोणते घ्यावे? – नोकरदार दांपत्य

स्टेशनचे अंतर बाजूला ठेवा आणि घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंतचा वेळ मोजा. जाहिरातीतली ‘पाच मिनिटे’ अनेकदा नकाशावरच्या सरळ रेषेवरून काढलेली असतात, किंवा मोकळ्या रस्त्यावर गाडीने लागणारी असतात.

चालण्याचा वेग मिनिटाला ८० मीटर धरा. एखाद्या जागेची वाहतुकीची सोय मोजण्याची लंडनची अधिकृत पद्धतही हाच वेग धरते. बससाठी ६४० मीटर आणि रेल्वेसाठी ९६० मीटर यापलीकडचे थांबे आणि स्टेशने ती हिशेबातच घेत नाही. सोबत लहान मूल किंवा सामान असेल तर मिनिटाला ६० मीटर धरा. वाट पाहण्याचा सरासरी वेळ म्हणजे दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मा.

आता पहिले घर घ्या. लिफ्ट आणि सोसायटीचे गेट ३ मिनिटे, चालणे ६, स्टेशनचे जिने चढून फलाटापर्यंत ३, वाट पाहणे १०, गाडी १८, उतरून ऑफिसपर्यंत ७. एकूण ४७. दुसरे घर : लिफ्ट-गेट २, थांब्यापर्यंत २, वाट पाहणे ३, बस ११, जंक्शनवर फलाट गाठायला ४, तिथे दर चार मिनिटांनी गाडी म्हणून २, गाडी १५, पुढे ७. एकूण ४६. (बस आणि गाडीची मिनिटे आम्ही गृहीत धरली आहेत; तुमची घाला.) म्हणजे सरासरीत दोन्ही घरे बरोबरीची. पण डोळ्यांदेखत गाडी चुकली तर पहिल्या घराचा प्रवास ५७ मिनिटांवर जातो. दुसऱ्या घरी बस आणि गाडी दोन्ही चुकल्या तरी ५१. रोजच्या जगण्यात सरासरीपेक्षा हा वाईट दिवसाचा आकडा जास्त छळतो, कारण पाळणाघराची वेळ, बैठक, परीक्षा सगळे त्याच्यावर बेतावे लागते.

‘दर वीस मिनिटांच्या गाडीला वेळापत्रक पाहूनच निघतात, दहा मिनिटे फलाटावर कोण उभे राहते?’ असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण ती प्रतीक्षा नाहीशी होत नाही, घरात किंवा ऑफिसात होते. काम ६.०५ ला संपले आणि गाडी ६.०८ ला सुटली की पुढची वेळ तुम्ही कुठेतरी काढताच.

दुसऱ्या घराची खरी परीक्षा रस्त्यावर आहे. बस इतर वाहनांमध्ये अडकत असेल तर आमचे ११ मिनिटे संध्याकाळी २५ होऊ शकतात, आणि दर सहा मिनिटांनी येणाऱ्या बस तीन-तीनच्या घोळक्याने येऊ लागतात. पहिली बस उशिरा आली की थांब्यावर गर्दी साठते, ती चढायला वेळ लागतो, बस आणखी रखडते आणि मागची रिकामी बस तिला गाठते. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहाला थांब्यावर एकेक तास उभे राहून प्रत्येक बसची वेळ टिपा. बसला स्वतःची मार्गिका असेल आणि घोळके दिसले नाहीत तर दुसरे घर घ्या. तसे नसेल आणि दोघांच्याही कामाच्या वेळा पक्क्या असतील तर पहिले. शेवटची गाडी किती वाजता आणि रविवारी फेऱ्या किती, हे दोन्हीकडे पाहा. फेऱ्यांची कपात सहसा तिथूनच सुरू होते.

प्रश्न : बस मार्ग उद्या बदलला तर? रूळ निदान जागचे हलत नाहीत. – तेच दांपत्य

भीती रास्त आहे, पण सगळे बस मार्ग सारखे डळमळीत नसतात. टिकणारा मार्ग ओळखता येतो. तो मुख्य रस्त्याने सरळ जातो, दोन्ही टोकांना गर्दीची ठिकाणे असतात, दुपारीही बस भरलेली असते आणि एकाच रस्त्यावरून दोन-तीन मार्ग जातात. याउलट वळसे घेत वसाहतीत शिरणारा, फक्त सकाळ-संध्याकाळ चालणारा किंवा बिल्डरच्या खर्चाने सुरू असलेला मार्ग भरवशाचा नव्हे. बिल्डरची शटल बस तर प्रकल्पाचा ताबा देऊन झाला की बंद पडू शकते. ती किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने चालणार हे करारात लिहून घ्या, नाहीतर हिशेबातच धरू नका.

प्रश्न : मेट्रोची घोषणा झाल्यापासून आमच्या पसंतीच्या भागातले भाव चढले आहेत. बिल्डर म्हणतो, ताब्याच्या सुमारास स्टेशन सुरू होईल. आत्ताच घ्यावे का?

भाव एकदम चढत नाहीत, टप्प्याटप्प्याने चढतात. घोषणेला थोडे, निधी मंजूर झाला की आणखी, खांब उभे राहिले की आणखी. गाडी धावू लागेपर्यंत फायद्याचा मोठा वाटा किंमतीत शिरलेला असतो. म्हणजे तुम्ही आज भविष्यातल्या सोयीचे पैसे मोजता, आणि ती सोय किती उशिरा येईल याची जोखीमही तुमच्याच डोक्यावर येते.

उशीर किती होऊ शकतो? लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची होती. तिचा मधला भाग २४ मे २०२२ ला सुरू झाला, आणि तेव्हाही बाँड स्ट्रीट स्टेशन बंदच होते. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडले. म्हणजे मार्ग सुरू झाला तरी तुमचे स्टेशन सुरू होईलच असे नाही. बोगदे खणून झाल्यावरही सिग्नल यंत्रणा, गाड्या आणि फलाटावरचे दरवाजे यांचा एकमेकांशी मेळ बसवायला आणि चाचण्यांना प्रचंड वेळ लागतो. बाहेरून काम ‘झालेले’ दिसते तेव्हा हेच काम चालू असते.

बिल्डरला विचारू नका, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेची कागदपत्रे पाहा. तुमच्या टप्प्याचे बांधकाम कंत्राट दिले गेले आहे का? तुमच्या स्टेशनची जागा ताब्यात आली आहे का? गाड्यांच्या डेपोची जागा? डेपो अडकला तर पूर्ण झालेला मार्गही अडकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, स्टेशनची प्रवेशद्वारे नेमकी कुठे आहेत? स्टेशन दीडदोनशे मीटर लांब असू शकते, त्यामुळे दार पलीकडच्या टोकाला किंवा रुंद रस्त्याच्या विरुद्ध बाजूला असेल तर चालण्यात तीन-चार मिनिटे सहज वाढतात.

निर्णयाची कसोटी आमच्या मते एकच आहे : मेट्रो पाच वर्षे उशिरा आली तरी आजच्या बस-रेल्वेवर तुमचे निभेल का? निभत असेल आणि भाव परवडत असेल तर घ्या. निभत नसेल तर त्याच भागात आधी भाड्याने राहून पाहा. बांधकामाच्या काळातले पत्र्याचे अडथळे, अर्धा बंद रस्ता आणि हललेला बसथांबा हेही या पाच वर्षांत मोजायचे असते.

प्रश्न : स्टेशनजवळचे महाग घर की लांबचे स्वस्त घर? बँक दोन्हीला कर्ज द्यायला तयार आहे.

कर्ज देताना बँक तुमचे उत्पन्न आणि हप्ते पाहते. दुसरी गाडी घ्यावी लागेल का, हे ती साधारणपणे विचारत नाही. तो हिशेब तुम्हालाच करायचा आहे. अमेरिकेतल्या एका अभ्याससंस्थेने घर आणि प्रवास यांचा एकत्रित निर्देशांक तयार केला आहे. त्यात दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंतचा खर्च परवडणारा मानतात. हा आकडा दगडावरची रेघ नाही, पण घराचा आणि प्रवासाचा खर्च एकाच रकान्यात मांडण्याची पद्धत कुठेही उपयोगी पडते.

समजा, महिन्याचे उत्पन्न १०० आहे. लांबच्या घराचा हप्ता २८, पण दोघांना दोन गाड्या लागतात आणि त्यांचा खर्च २४. एकूण ५२. जवळच्या घराचा हप्ता ३६, दोन पास ५, अधूनमधून टॅक्सी ३. एकूण ४४. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील. चूक मात्र एकाच ठिकाणी होते : गाडीचा खर्च म्हणजे इंधन असे लोक धरतात. गाडीची दरवर्षी घटणारी किंमत, कर्जाचे व्याज, विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि दोन्हीकडचे पार्किंग मिळून इंधनापेक्षा जास्त भरते. घटणारी किंमत काढायला पाच वर्षे जुन्या त्याच मॉडेलचा बाजारभाव नव्या किमतीतून वजा करा आणि साठने भागा, महिन्याचा आकडा मिळेल.

आणखी एक. स्टेशनजवळच्या घरासोबत पार्किंगची जागा सक्तीने विकत असतील, तर ती वगळून किंमत किती हे विचारा. ज्यांना गाडी नको आहे त्यांनीही पार्किंगचे पैसे का भरावेत?

प्रश्न : खांबांवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाला लागून फ्लॅट मिळतो आहे, भाव कमी आहे. आवाजाचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रेल्वेचा रात्रीचा सरासरी आवाज घराच्या बाहेरच्या भिंतीशी ४४ डेसिबलच्या खाली असावा. हे फोनमधल्या ॲपने अचूक मोजता येणार नाही, पण दोन खोल्यांची किंवा दोन मजल्यांची तुलना करायला ॲप पुरते.

सर्वांत वाईट मजला सहसा रुळांच्या पातळीचा किंवा त्याच्या थोडा वरचा. मार्गाच्या कडेची भिंत खालच्या मजल्यांना आडोसा देते, वरच्यांना देत नाही. रुळांचे वळण जवळ असेल तर चाकांची किंचाळी ऐकू येते आणि ती सलग घरघरीपेक्षा जास्त त्रास देते. दोन रूळ जिथे एकमेकांना मिळतात तिथे प्रत्येक डब्याचा खडखडाट येतो. या दोन्ही जागा नकाशावर दिसतात. रात्री मालगाड्या जातात का आणि पहाटे डेपोतून रिकाम्या गाड्या कधी निघतात, हे शेजाऱ्यांना विचारा.

पाहायला जाल तेव्हा झोपायच्या खोलीत खिडकी बंद करून तीन गाड्या जाऊ द्या, मग उघडून तीन. बंद खिडकीतूनही आवाज येत असेल तर आधी फटी शोधा. सरकत्या खिडकीच्या चौकटीतली बोटभर फट महागड्या काचेचा फायदा घालवते. चांगला उपाय म्हणजे घट्ट बसणाऱ्या रबरी पट्ट्यांची उघडझाप खिडकी आणि तिच्या आत साधारण १०० मिलिमीटर अंतर सोडून दुसरी खिडकी. मात्र दोन्ही बंद ठेवायच्या तर हवा कुठून येणार, हे आधी ठरवा. काचेचे सामान किणकिणत असेल तर ती जमिनीतून आणि खांबांतून येणारी कंपने आहेत. त्यांना खिडकीचा उपाय चालत नाही. असे घर सोडून द्या.

प्रश्न : आमची सोसायटी स्टेशनपासून सरळ रेषेत २५० मीटरवर आहे, पण मागची भिंत बंद असल्याने ८०० मीटरचा वळसा पडतो. मागे गेट काढायला काही सभासदांचा सुरक्षेच्या कारणाने विरोध आहे. – सोसायटीचे पदाधिकारी

या अंकातला सर्वांत मोलाचा प्रश्न आम्हाला हा वाटतो, कारण नवे स्टेशन बांधण्याच्या तुलनेत क्षुल्लक खर्चात इथे तेवढाच फायदा मिळतो. प्रत्यक्ष चालायचे अंतर भागिले सरळ अंतर हे गुणोत्तर काढा. तुमचे ३.२ येते. नीट जोडलेल्या रस्त्यांच्या वस्तीत ते १.३ च्या आसपास असते. वाचणारे ५५० मीटर म्हणजे एका बाजूला सुमारे सात मिनिटे, जाऊन-येऊन चौदा. स्टेशन दहा मिनिटांवरून तीन मिनिटांवर येते.

विरोध करणाऱ्यांची काळजी उडवून लावू नका, तिला व्यवस्थेत जागा द्या. माणसापुरते, वाहन न जाणारे, साधारण १.२ मीटर रुंदीचे गेट, म्हणजे व्हीलचेअर आणि बाबागाडी निघेल. कार्ड किंवा किल्ली फक्त सभासदांकडे. पहिल्या गाडीच्या आधीपासून शेवटच्या गाडीनंतर अर्ध्या तासापर्यंत चालू. आतून मात्र किल्लीशिवाय कधीही उघडले पाहिजे, आगीच्या वेळी तेच जीव वाचवते. वर एक दिवा, एक कॅमेरा. सहा महिन्यांच्या चाचणीचा ठराव मांडा आणि मुदत संपताना नोंदी सभेपुढे ठेवा. कायमच्या ठरावापेक्षा चाचणीला मते सहज मिळतात.

गेटच्या पलीकडची जागा कोणाची, हे भिंत फोडण्याआधी तपासा. ती खासगी असेल तर जाण्या-येण्याचा हक्क नोंदवून घ्यावा लागेल, नाहीतर वर्षभरात तिथे दुसरी भिंत उभी राहील. सार्वजनिक असेल तर पालिकेकडे तीन गोष्टी एकत्र मागा : अडथळ्यांशिवाय १.८ मीटर रुंदीची पायवाट, सलग दिवे आणि रस्त्याच्या पातळीवरच सिग्नलचे क्रॉसिंग. पादचारी पूल देऊ केला तर नम्रपणे नकार द्या. जिने चढून-उतरून जाण्यापेक्षा लोक खालूनच धावत रस्ता ओलांडतात, आणि वृद्धांना तर तो पूल असून नसल्यासारखा.

प्रश्न : आमच्या गावाच्या विकास आराखड्यात स्टेशनभोवती उंच इमारतींना परवानगी प्रस्तावित आहे. यात लोकांचे हित आहे का? – एक लोकप्रतिनिधी

आहे, पण सोबतच्या अटींवर ते अवलंबून आहे.

आधी भूमिती. स्टेशनभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढले तर क्षेत्र सुमारे ७८ हेक्टर. पण माणसे रस्त्यांवरून चालतात, हवेतून नाही. चौकोनी रस्त्यांच्या जाळ्यात ५०० मीटर चालून पोचता येईल असे क्षेत्र ५० हेक्टरच भरते, आणि बंद गल्ल्यांच्या वस्तीत त्याहून कितीतरी कमी. या ५० हेक्टरात हेक्टरी १०० माणसे असतील तर ५,०००, आणि ३०० असतील तर १५,००० लोकांना पायी स्टेशन मिळते. इतके प्रवासी असले की जास्त फेऱ्या परवडतात आणि फेऱ्या वाढल्या की प्रवासी वाढतात. म्हणून इमारतींची परवानगी देण्याआधी रस्त्यांची जोडणी आराखड्यात पक्की करा. इमारती उभ्या राहिल्यावर गल्ली काढता येत नाही.

हे जिथे जमले तिथे काय केले ते पाहा. अमेरिकेतल्या आर्लिंग्टन काउंटीने मेट्रो महामार्गाच्या मधून नेण्याऐवजी जुन्या बाजाररस्त्याखालून नेण्याचा आग्रह धरला. १९७९ पासून तिथे स्टेशनांच्या लगत दाट वस्ती, चारपाचशे मीटरनंतर उतरत जाणारी उंची आणि त्यापलीकडची जुनी बैठी घरे जशीच्या तशी, असा नियम चालला. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून बसच्या स्वतंत्र मार्गिकांच्या कडेनेच उंच बांधकामाला परवानगी दिली. कोपनहेगनच्या १९४७ च्या आराखड्यात रेल्वेमार्गांच्या कडेने बोटांसारखी वाढ आणि मध्ये हिरवे पट्टे होते. पुढे तिथे मोठी कार्यालये स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत असावीत असा नियमही आला.

कार्यालयांचा तो नियम नीट समजून घ्या. फक्त घरे बांधली तर सकाळी गाड्या एका दिशेने भरून जातात आणि रिकाम्या परततात. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या रेल्वेच्या कडेने हप्त्यांवर घरे विकली, एका टोकाला करमणुकीची केंद्रे उभारली आणि १९२९ मध्ये मार्गाच्या शहराकडच्या टोकाच्या स्टेशनवर मोठे दुकान काढले. हेतू हाच की दिवसभर, दोन्ही दिशांना माणसे मिळावीत. तुमच्या आराखड्यात स्टेशनजवळ शाळा, दवाखाना, बाजार आणि नोकऱ्यांना जागा राखून ठेवा.

दोन गोष्टींनी अशा योजना बिघडतात. पहिली, पार्किंग. एका गाडीला येण्या-जाण्याच्या वाटेसह २५ ते ३० चौरस मीटर लागतात. ४०० गाड्यांचा तळ म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून अधिक, तोही गावातल्या सर्वांत मोलाच्या जमिनीवर, आणि त्यातून प्रवासी मिळतात जेमतेम साडेचारशे. तेवढ्याच जागेत घरे बांधली तर तितके लोक तिथे राहतीलच आणि दिवसभर ये-जा करतील. नव्या इमारतींना पार्किंगची किमान अट लावू नका, जमल्यास कमाल मर्यादा घाला.

दुसरी गोष्ट आम्हाला मनापासून सलते. परवानगी जाहीर होताच जमिनीचे भाव चढतात, भाडी चढतात, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांचे पोट या बस-रेल्वेवर चालते, तेच भाडेकरू आधी बाहेर फेकले जातात. त्यांच्या जागी येणाऱ्यांकडे गाड्या असतात, त्यामुळे प्रवासीही अपेक्षेइतके वाढत नाहीत. यावर उपाय अधिसूचनेच्या आधी करायचा असतो. सार्वजनिक मालकीची जमीन विकू नका, भाडेपट्ट्याने द्या. वाढीव बांधकामाच्या बदल्यात ठरावीक वाटा कमी भाड्याच्या घरांचा मागा आणि ती घरे त्याच ठिकाणी बांधण्याची अट घाला, दुसरीकडे नाही. सध्याच्या भाडेकरूंची यादी आधी करा. भाव चढल्यानंतर कोण तिथे राहत होते याचा पुरावा कोणाकडेच उरत नाही.

प्रश्न : आता गाडी चालवणे सोडायचे आहे. लहान घर शोधताना काय पाहावे? – निवृत्त वाचक

गर्दीच्या वेळेच्या फेऱ्या तुमच्या कामाच्या नाहीत. सकाळी अकरा ते चार आणि रविवारी बस किती मिनिटांनी येते, ते पाहा. थांब्यावर बसायला बाक आणि सावली हवी. घर ते थांबा ३०० मीटरच्या आत, चढ नसलेला, आणि मध्ये मोठा रस्ता असेल तर सिग्नल तुमच्या चालीने पार होईल इतका वेळ देणारा असावा. वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला तर १६ मीटरच्या रस्त्याला २० सेकंद लागतात. स्टेशन वापरणार असाल तर फलाटापर्यंत लिफ्ट एकच आहे की दोन, ते मोजा. एकच असेल तर ती बंद पडल्यावर तुमच्यासाठी स्टेशनच बंद. दवाखाना, बँक आणि बाजार या तीन ठिकाणी गाडी न बदलता जाता येत असेल, तर स्टेशन थोडे लांब असले तरी ते घर घ्या.